कथेतला ‘मी’ आणि वाचकाचे स्वातंत्र्य

(कोल्हापूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अभ्यासवर्गात व्यक्तिस्वातंत्र्याचा विषय निघाला, की आपण सवयीने राज्यघटनेतील मूलभूत हक्कांचे पान उघडतो आणि मग आणीबाणीच्या आठवणींकडे वळतो. त्यात वावगे काही नाही. डिसेंबर १९७५ मध्ये इथून जवळच, कराडच्या साहित्य संमेलनात, दुर्गाबाई भागवतांनी अध्यक्षपदावरून लेखनस्वातंत्र्याची बाजू निर्भयपणे मांडली आणि पुढे त्यांना अटक झाली. ज्या चळवळीने ते दिवस पाहिले, तिने त्यांची आठवण ठेवलीच पाहिजे. परंतु माझ्या मनात बरेच दिवस एक शंका घर करून आहे. सामान्य माणसाची स्वातंत्र्याशी पहिली गाठ वृत्तपत्राच्या सेन्सॉरपाशी पडते काय? माझा अनुभव तसा नाही. ती गाठ घरात पडते. लग्न कोणाशी करायचे, शाळेत जायचे की बैलामागे, दुपारचा अर्धा तास कोणाचा, या प्रश्नांपाशी ती पडते. तिथे माणसाला आधी ‘मी’ म्हणता यावे लागते, आणि आपल्या समाजात ‘मी’ म्हणणे हा उद्धटपणा समजला जात आला आहे. मग हा शब्द लोक शिकले कुठे? आपल्या पत्रकांतून फारसे नाही, हे आपण प्रामाणिकपणे मान्य करू. पुष्कळांना तो गोष्टींच्या पुस्तकांनी शिकविला; आणि ज्यांना आपण नाक मुरडत आलो, अशा लोकप्रिय पुस्तकांचा त्यात मोठा वाटा आहे. आज मी बोलणार आहे ते त्यांच्याविषयी.

मराठीत व्यक्तिस्वातंत्र्याचा विचार रोखठोकपणे मांडला तो आगरकरांनी. योगायोग असा, की त्यांना पहिला तुरुंग घडला तो आपल्या कोल्हापूरच्या प्रकरणावरून. करवीर संस्थानचे दिवाण बर्वे यांच्यावरील मजकुराबद्दल १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. पुढे ‘सुधारका’त आगरकरांनी जे लिहिले, ते वाचणारा वर्ग मूठभर होता. तोच विचार घरातल्या माजघरापर्यंत पोचविला तो हरिभाऊ आपट्यांनी. १८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ सुरू केले. त्या नावातच पाहा, उपदेशाचा आव नाही. त्यात क्रमशः आलेल्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीत यमू नावाची मुलगी स्वतःची हकीकत स्वतः सांगते. जिचे केशवपन बळजबरीने केले जाते, ती बाई ‘मी’ म्हणून बोलते. निबंधातली विधवा ही एक समस्या होती. कादंबरीतली यमू ही एक व्यक्ती झाली. वाचकाला तिच्या बाजूला बसावे लागले. सुधारकांच्या सभेला कधी न जाणाऱ्या घरांतही हे घडले, कारण तिथे ‘करमणूक’ येत होते.

हा ‘मी’ पुढे कोल्हापुरात वाढला. त्याला कारणे आहेत. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचे. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि त्यामुळे वाचणारा हा प्राणी पेठांच्या बाहेर, रयतेच्या घरात निर्माण होण्याची वाट मोकळी झाली. १९१९ मध्ये त्यांनी आंतरजातीय विवाहांना मान्यता देणारा कायदा केला. मग १९२६ मध्ये ना. सी. फडके राजाराम महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकविण्यास आले आणि दोन दशकांहून अधिक काळ इथे राहिले. १९३८ मध्ये वि. स. खांडेकर शिरोड्याची शाळा सोडून चित्रपटलेखनासाठी इथे आले. कला कलेसाठी की जीवनासाठी, हा जो वाद महाराष्ट्रभर गाजला, त्याचे दोन्ही पक्षकार एका गावात राहत होते! आपला पक्ष अर्थातच खांडेकरांच्या बाजूला राहिला. मीही तरुणपणी फडक्यांची टर उडविली आहे. आज तसे करणार नाही. फडक्यांची नायिका टेनिस खेळो की सहलीला जावो, ती आपले मन आपल्या मुखाने सांगत होती, आणि आईबापांनी पसंत केलेल्या स्थळाला नकार देता येतो, ही कल्पना तिने हजारो वाचकांच्या मनात रुजविली. ज्या घरात नकार हा शब्दच नव्हता, तिथे ही लहान गोष्ट नव्हे.

मात्र एक गोष्ट नजरेत भरते. त्या काळातल्या प्रेमकथांत प्रेमिकांपुढे अडचणी पुष्कळ येतात. गैरसमज होतात, श्रीमंती-गरिबी आडवी येते, जुने मित्र येतात. जात बहुधा येत नाही. लेखक अगदी नकळत दोघांनाही अशा घरात जन्माला घालतो, की तो प्रश्न उपस्थितच होऊ नये. ज्या नगरीत राजाने १९१९ मध्ये आंतरजातीय विवाहाचा कायदा करून ठेवला, त्या नगरीतल्या कादंबऱ्या या बाबतीत त्या कायद्याच्या मागे राहिल्या. घरांच्या पुढे मात्र त्या होत्या. कायदा पुढे, कथा मधे आणि घर मागे, अशी ही रांग आहे. आणि ती अजून मोडलेली नाही. जातीबाहेर लग्न केले म्हणून मुलामुलीचे जीव घेतल्याच्या घटना शाहूंच्या या भूमीतही घडल्या आहेत, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

आता थोडे घरचे सांगतो. १९६० च्या दशकात आम्ही पंचगंगेकाठच्या एका गावी राहत होतो. थोरले बंधू शहरात नोकरीला. ते एका सर्क्युलेटिंग लायब्ररीतून पुस्तके आणीत. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा आम्हा पोरांसाठी. हजाराहून अधिक पुस्तके लिहिणाऱ्या या माणसाचा काळापहाड कायद्याच्या बाहेर राहून न्याय करी, आणि फौजदाराला भिणाऱ्या आमच्या गावात त्याची सर्वांना मोठी मौज वाटे. चंद्रकांत काकोडकरांच्या कादंबऱ्या मात्र वहिनींसाठी येत, त्याही वर्तमानपत्राचे कव्हर घालून. मी मोठा समाजवादी झालो होतो. एकदा वहिनींना म्हणालो, “हे काय वाचता? जरा चांगले काही वाचा.” वहिनी हसल्या. म्हणाल्या, “भावजी, तेवढा अर्धा तास मी कुणाची कोण नसतो बघा.”

या वाक्याचा अर्थ कळायला मला वीस वर्षे लागली. पहाटेपासून त्या कोणाची तरी सून, कोणाची तरी आई, कोणाची तरी बायको होत्या. पुस्तकात काय आहे याच्याही आधी, पुस्तक हातात असण्याचा तो अर्धा तास हेच त्यांचे स्वातंत्र्य होते. मजुराचे कामाचे तास आठ असावेत यासाठी आपण लढलो. त्या लढ्यात या अर्ध्या तासाचा हिशेब कुठे धरला होता काय?

याच काकोडकरांवर एक खटला झाला. आपल्या चळवळीने त्याची घ्यावी तेवढी दखल घेतली नाही, म्हणून तो जरा विस्ताराने सांगतो. १९६२ च्या ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकात त्यांची ‘श्यामा’ ही कथा आली. एका कवीच्या आयुष्यात आलेल्या तीन स्त्रियांची ती कथा. अश्लील लेखनाचा बंदोबस्त करू पाहणाऱ्या एका गृहस्थांनी भारतीय दंडविधानाच्या कलम २९२ खाली फिर्याद केली. खालच्या न्यायालयाने लेखकाला निर्दोष ठरविले. उच्च न्यायालयाने दोषी धरून २५ रुपये दंड केला. २५ रुपये! कोणीही भरून मोकळा झाला असता. हा लेखक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ऑगस्ट १९६९ मध्ये, कथा छापून आल्यानंतर सात वर्षांनी, निर्दोष सुटला. कथा उच्च दर्जाची आहे, असे काही न्यायालयाने म्हटले नाही. त्याने म्हटले ते असे, की स्त्री-पुरुष संबंधांचा नुसता उल्लेख अश्लील ठरवून तो किशोरवयीनांना वर्ज्य मानला, तर त्या मुलांना कादंबरी म्हणून काही वाचताच येणार नाही, निव्वळ धार्मिक पुस्तकेच वाचावी लागतील. थोर साहित्यिकाच्या स्वातंत्र्यासाठी परिषदा भरतात. सामान्य समजल्या गेलेल्या लेखकाच्या सामान्य समजल्या गेलेल्या कथेसाठी हा माणूस लढला, आणि त्याचा लाभ पुढे थोरांनाही झाला. हक्काची परीक्षा नेहमी अशा ठिकाणीच होते, जिथे त्याच्या धन्याला फारशी प्रतिष्ठा नसते.

(जाता जाता सांगतो. आमच्या घरात ‘श्यामची आई’ देव्हाऱ्याजवळच्या फळीवर असे आणि ‘श्यामा’ गादीखाली. साने गुरुजींनी ते पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले. माझ्यावर त्याचे ऋण आहे. पण एका पुस्तकाचे ऋण मानण्यासाठी दुसऱ्याला गादीखाली ठेवावे, असे गुरुजींनी कुठे सांगितले होते, हे मला माहीत नाही.)

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण ‘मी’ म्हणणे शिकलो म्हणजे सारे झाले, असे समाजवाद्याला म्हणता येणार नाही. कोणाचा ‘मी’ कोणाच्या जिवावर उभा आहे, हे विचारणे हेच आपले काम. आणि गंमत अशी, की हा प्रश्नही लोकप्रिय कादंबऱ्यांनीच विचारला आहे. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ ची. तिला १९७४ चे ज्ञानपीठ मिळाले, मराठीला मिळालेले ते पहिले. या कादंबरीत ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने ‘मी’ म्हणून बोलतात. ययाती राजा आहे. त्याला हवे ते करण्याचे स्वातंत्र्य आहे, आणि भोगाची भूक भागत नाही म्हणून तो अखेर मुलाचे तारुण्य मागून घेतो. शर्मिष्ठा राजकन्या असून दासी झालेली. तिचा ‘मी’ राजाच्या ‘मी’शेजारी छापला, की पानापानावर हिशेब उलगडत जातो: त्याच्या मोकळेपणाची किंमत तिने लपून राहून दिली, देवयानीने फसवणुकीतून दिली, पुरूने तारुण्य देऊन दिली. व्यक्तिस्वातंत्र्याच्या नावाखाली मालकाचे स्वातंत्र्य कसे खपविले जाते, यावर आपण कितीतरी पत्रके काढली. एका राजाच्या गोष्टीतून ते घरोघर पोचले. खांडेकरांची भाषा अलंकारांनी जड होते, हे मला मान्य आहे. वाचकांना ते ओझे वाटले नाही, हेही मान्य केले पाहिजे.

आजऱ्याचे शिवाजी सावंत कोल्हापुरात शिक्षक असताना त्यांची ‘मृत्युंजय’ १९६७ मध्ये आली. कोवाडच्या रणजित देसाईंची ‘राधेय’ १९७३ ची. आपल्या जिल्ह्यातल्या दोन लेखकांना कर्णच का आठवला आणि खेड्यापाड्यांतल्या वाचकाने तो उरी का कवटाळला? उत्तर उघड आहे. सूतपुत्र म्हणून हिणविला गेलेला, गुण असून दार बंद असलेला माणूस त्याने स्वतःच्या आळीत पाहिला होता. ‘मृत्युंजय’मधला कर्ण पुन्हा ‘मी’ म्हणून बोलतो आणि ज्याला वर्गात मागच्या बाकावर बसविले जाई, अशा पोराला वाटते, हा आपलेच बोलतो आहे. इथे माझी एक तक्रार मात्र आहे, आणि ती व्यासांपासूनची आहे. कर्ण अखेर क्षत्रियच निघतो. कवचकुंडले जन्मतःच असतात. म्हणजे अन्याय झाला तो खऱ्या सूतपुत्रावर नाहीच, चुकून तिथे ठेवलेल्या राजपुत्रावर झाला! अधिरथाच्या पोटच्या पोराला धनुष्य शिकायचे असते तर? त्याची कादंबरी कोणी लिहावी?

ती अण्णाभाऊंनी लिहिली. वारणेच्या खोऱ्यातल्या वाटेगावचा हा माणूस. शाळा म्हणाल तर दीड दिवसाची. ‘फकिरा’ १९५९ मध्ये, म्हणजे ‘ययाति’च्याच वर्षी आली. १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. ती बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केलेली आहे. फकिरा मांगाच्याच पोटी जन्मतो आणि मांग म्हणूनच नायक होतो; मागे दडलेला राजवाडा नाही. इंग्रज सरकारने या जमातीला जन्मजात गुन्हेगार ठरवून हजेरी लावली होती. माणसाने कुठे झोपावे आणि कुठे उठावे, याची नोंद पाटलाच्या वहीत. व्यक्तिस्वातंत्र्याचा याहून उघडा इन्कार कोणता? फकिरा दुष्काळात धान्य आणि खजिना लुटतो, उपाशी माणसे जगवितो. आणि जेव्हा त्याच्या माणसांना, बायकापोरांना धरून कोंडले जाते, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी स्वतःहून सरकारच्या हवाली होतो. एकाच वर्षी निघालेली ही दोन पुस्तके शेजारी ठेवून पाहा. ययाती आपल्या स्वातंत्र्यासाठी मुलाचे तारुण्य घेतो. फकिरा आपल्या माणसांच्या सुटकेसाठी स्वतःचे स्वातंत्र्य देतो. आणि लक्षात घ्या, ‘फकिरा’ ‘मी’ने सांगितलेली नाही. ज्यांना समूह म्हणूनच गुन्हेगार ठरविले होते, त्यांच्या कथेत एकट्याचा ‘मी’ सुटा होऊन बोलायला अजून अवकाश होता.

तो अवकाश पुढच्या पिढीने, विशेषतः दलित आत्मकथांनी, भरून काढला. तो विषय स्वतंत्र वर्गाचा आहे. मी आपल्या जिल्ह्यापुरते एकच पुस्तक घेतो, आनंद यादवांचे ‘झोंबी’. १९८७ मध्ये आले, १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि गावोगावच्या वाचनालयांत त्याची पाने सुटेपर्यंत वाचले गेले. कागलच्या एका कुळवाड्याचे पोर शाळेत जाण्यासाठी स्वतःच्या बापाशी झोंबते. बापाला शेतावर हात हवे आहेत. आता हे कागल कोणते? ज्या घाटगे घराण्यातून शाहू महाराज कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले, ते कागल. १९१७ च्या कायद्यात, मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. यादवांचा जन्म १९३५ चा. राजाने हुकूम काढून एक पिढी उलटली, तरी पोराला शाळेचा दरवाजा मारझोडीतून ओलांडावा लागला. म्हणून कायदा निरुपयोगी ठरतो, असे कोणी समजू नये. कायद्याने शाळा आणली. शाळा होती म्हणून तिच्यासाठी भांडता आले. पण बाप हा काही कथेतला खलपुरुष नव्हे. पोरे अनेक, जमीन दुसऱ्याची, आणि एक जोडी हात कमी झाले तर चूल पेटत नाही. ‘झोंबी’ वाचून बापाचा नुसता राग आला, तर आपण ती अर्धीच वाचली. बाप आणि मुलगा दोघांनाही बांधून ठेवणारी दोरी एकच आहे, हे ज्याला दिसले, त्याला मी अभ्यासवर्गात शंभर गुण देईन.

आता शेवटचा आणि अवघड भाग. महाराष्ट्रातली सर्वांत लोकप्रिय गोष्ट कोणती? शिवछत्रपतींची. पोवाड्यात, शाळेच्या पुस्तकात, कादंबरीत, पडद्यावर ती सांगितली जाते. आपल्या कोल्हापुरात गोविंदराव पानसरे यांनी ती वेगळी सांगितली: रयतेचा राजा म्हणून. १९८७ मधल्या एका भाषणातून १९८८ मध्ये ‘शिवाजी कोण होता?’ ही पुस्तिका झाली. एका बैठकीत वाचून होणारी, खिशाला परवडणारी, सभेच्या टेबलावर विकली जाणारी. ते आपल्या पक्षाचे नव्हते, कम्युनिस्ट होते, आणि त्यांच्याशी आपले मतभेद जाहीर होते. पण ज्या आंतरजातीय जोडप्यांना घरचे दार बंद झाले, त्यांच्या पाठीशी ते उभे राहिले आणि लोकांना कळेल अशा भाषेत लिहीत राहिले. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी सकाळी या शहरात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि २० तारखेला ते गेले. लोकप्रिय गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगण्याचे स्वातंत्र्य हे काही करमणुकीचे प्रकरण नाही, हे कोल्हापूरकरांना कोणी वेगळे सांगायला नको. त्यानंतर ती पुस्तिका किती हातांत गेली, ते आपण पाहिले आहे. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे, की ती वाचणारे पुष्कळ तरुण प्रथमच ‘मला हे पटते’ किंवा ‘मला हे पटत नाही’ असे म्हणाले. दोन्ही वाक्यांत तोच शब्द आहे.

व्याख्यानापूर्वी एका साथींनी विचारले, की मग पक्षाने कादंबऱ्या लिहवून घ्याव्यात काय? नको. ज्यांनी ज्यांनी हुकमी कथा लिहविल्या, त्यांच्या नायकांना कोणी घरी नेले नाही. आपले काम वाचकापर्यंत पुस्तक पोचविण्याचे आहे, आणि त्याला या नगरीत आधार आहे. १९४५ मध्ये कोल्हापूर संस्थानाने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, तो देशातला पहिला. महाराष्ट्र राज्याचा कायदा १९६७ मध्ये, बावीस वर्षांनी आला. म्हणजे वाचनाचा हक्क ही इथली जुनी कमाई आहे. ती आज कोणत्या स्थितीत आहे, हे पाहायला दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या शाखांच्या खोल्यांतली कपाटे पाहा. मी गेल्या काही महिन्यांत चार-पाच पाहिली. अहवाल, ठरावांची बाडे, अधिवेशनांच्या स्मरणिका. ‘फकिरा’ एका ठिकाणी होती, तिची शेवटची पाने नव्हती. काकोडकर कुठेच नव्हते. बाईमाणूस येऊन पुस्तक मागेल, अशी वेळ एकाही ठिकाणी ठरविलेली नव्हती. आणि एका कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, ते अध्यक्ष आणि चिटणीस या दोघांनाही सांगता आले नाही. पुढच्या जिल्हा बैठकीत कार्यक्रमपत्रिकेवर हा किल्लीचा विषय घ्यावा, एवढी विनंती करतो आणि थांबतो.